दोन रेषांमधली फट

मराठी माणूस ब्रेक नुसता दाबत नाही, करकचून दाबतो. अपघाताच्या बातमीत, कादंबरीतल्या पाठलागात, घरी येऊन पाणी पिता पिता सांगितलेल्या ‘आज थोडक्यात वाचलो’च्या हकिगतीत हे एकच क्रियाविशेषण हजर असतं. मुळात हा शब्द दोरखंडाचा. गवताचा भारा करकचून आवळतात, ट्रकवरची ताडपत्री करकचून बांधतात. जे हलता कामा नये ते करकचून. चाकाच्या बाबतीतही भाषेने तेच गृहीत धरलं : चाक जागच्या जागी आवळलं की गाडीही जागच्या जागी थांबली.

तसं होत नाही. चाक थांबतं आणि गाडी पुढे जातच राहते. असं का होतं आणि त्यावर माणसाने काय उपाय काढला, हे सगळं एका आकृतीत आहे. ती मी गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा काढून पाहतो. आज तिचं रसग्रहण करायचं आहे. शाळेत कवितेचं करायचो तसंच, ओळीओळीने.

बॉश या जर्मन कंपनीचं मोटारतंत्राचं एक हँडबुक आहे. १९३२ पासून त्याच्या आवृत्त्या निघताहेत. जर्मन नावात ते स्वतःला खिशातलं पुस्तक म्हणवतं, पण आताची आवृत्ती मावेल असा खिसा कुठलाही शिंपी शिवून देणार नाही. त्यात अँटिलॉक ब्रेकच्या, म्हणजे आपल्या एबीएसच्या प्रकरणात ही आकृती येते. एकाखाली एक तीन पट्टे. वरच्यात वेग. मधल्यात चाकाचं त्वरण, म्हणजे चाकाचा वेग किती झपाट्याने वाढतो किंवा पडतो ते. खालच्यात ब्रेकमधल्या तेलाचा दाब. आडवा अक्ष काळाचा, आणि तो काळ १ ते ८ असे आकडे घालून आठ तुकड्यांत कापलेला. सगळा मजकूर मिळून सेकंदाचा काही भाग. एवढ्या काळात आपली पापणी जेमतेम लवते.

वरच्या पट्ट्यापासून सुरुवात करू. एक रेषा डावीकडून उजवीकडे संथपणे उतरत जाते. ती गाडी. तिच्याच टोकापासून दुसरी निघते, पण लगेच खाली वाकते, दचकून परत वर येते, पुन्हा वाकते. ती चाकाची, म्हणजे चाकाच्या घेराच्या वेगाची. गाडी निवांत धावत असते तेव्हा या दोन रेषा एकमेकींवर पडलेल्या असतात : गाडी ताशी ६० किलोमीटर, चाकाचा घेरही ताशी ६०. ब्रेकवर पाय पडला की त्यांच्यात फट पडते. गाडी ६० वर आणि चाक ५१ वर असेल, तर फट १५ टक्के. गॅरेजात हिला स्लिप म्हणतात. मी घसर म्हणेन.

या आकृतीचा नायक कोण, असं विचारलं तर मी या फटीकडे बोट दाखवेन. कारण घसर शून्य असेल तर ब्रेकही शून्य. रबर रस्त्यावर ताणलं गेल्याशिवाय, थोडं मागे ओढलं गेल्याशिवाय रस्त्याला धरूच शकत नाही. घसर वाढते तशी पकड वाढत जाते, आणि कोरड्या डांबरावर साधारण १० ते २० टक्क्यांच्या आसपास ती शिखर गाठते. त्यानंतर मात्र उतार लागतो. घसर आणखी वाढली की पकड कमी होते, पकड कमी झाली की चाक आणखी वेगाने थांबू लागतं, आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत फट १०० टक्के होते. चाक लॉक. आता रबराचा एकच एक तुकडा रस्त्यावर घासत, तापत, धूर काढत निघालेला असतो. ओल्या रस्त्यावर शिखर आणि हा तळ यांच्यातला फरक आणखी मोठा असतो.

पण लॉक झालेल्या चाकाचं खरं दुःख वेगळं आहे. फिरणाऱ्या चाकाला पुढे जाणं सोपं असतं आणि आडवं जाणं अवघड. या फरकालाच आपण स्टिअरिंग म्हणतो. लॉक झालेल्या चाकाला तो फरक उरत नाही. ते ज्या दिशेने सरकतंय तिच्या बरोब्बर उलट घर्षण होतं, मग चाकाचं तोंड कुठेही असो. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा, गाडी ओल्या मोरीतल्या साबणाच्या वडीसारखी सरळच जाणार. म्हणून ‘एबीएस गाडी लवकर थांबवतं’ हे विक्रेत्याचं वाक्य मला अर्धवट वाटतं. बऱ्याच रस्त्यांवर ते लवकर थांबवतंही, पण त्याचं मुख्य काम ब्रेक दाबलेला असताना गाडी वळती ठेवणं हे आहे. समोर म्हैस आली तर थांबण्याइतकी जागा नसेलही, पण बाजूने निघून जायला असू शकते.

आकृतीत न लिहिलेली आणखी एक गोष्ट वाचता येते. गाडीच्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्या वेळात गाडीने कापलेला रस्ता. आणि दोन रेषांमधल्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे टायर जेवढे मीटर नुसता घासला तेवढे. चित्रकाराने हे रंगवून दाखवलेलं नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

आता तुकडे. पहिल्यात पाय ब्रेकवर पडतो, दाबाची रेषा सरळ चढते, चाकाची रेषा वाकू लागते. मधल्या पट्ट्यात त्वरण शून्याखाली उतरतं आणि एका आडव्या रेघेला ओलांडतं. तिला ‘उणे ए’ म्हटलंय. हा पहिला उंबरठा : चाक जरा जास्तच झपाट्याने मंदावतंय.

आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, आता यंत्र ब्रेक सोडणार. दुसरा तुकडा पाहिला तर दाब आडवा, जिथल्या तिथे. सोडला नाही, वाढवलाही नाही. धरून ठेवला. कारण शिखराच्या अलीकडे, सुरक्षित चढणीवरसुद्धा चाक कधी कधी हा उंबरठा ओलांडतं. तेवढ्यावरून दाब सोडला तर फुकट रस्ता खर्च होतो. संशय आला म्हणून यंत्र निकाल देत नाही. ते दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहतं. हा दुसरा साक्षीदार वरच्या पट्ट्यात आहे : घसरीचा उंबरठा, ग्रीक लॅम्डा अक्षराने दाखवलेला. चाकाची रेषा त्याच्या खाली गेली की दोन साक्षी जुळल्या, चाक खरंच लॉक व्हायला निघालंय.

तिसरा तुकडा. दाब झपकन खाली.

चौथ्यात पुन्हा थांबणं. दाब कमीच, पण स्थिर, आणि आता चाकाची रेषा आपोआप वर येऊ लागते. इथे मी दर वेळी अडखळतो. चाकाला वर आणतं कोण? इंजिन नाही, त्या वेळी कोणी ॲक्सिलरेटर दाबलेला नाही. चाकाला परत फिरवतो तो खालून सरकणारा रस्ता. सगळ्या आकृतीत रस्त्याचं नाव कुठेही नाही, त्याची रेषा नाही, पण चौथ्या तुकड्यात काम फक्त तोच करतो. मोठ्या कथेत एखादं पात्र कधीच रंगमंचावर येत नाही आणि सगळं घडवतं, तसं.

पाचव्यात चाक इतक्या जोमाने सुटतं की त्वरण आधी ‘अधिक ए’ आणि मग त्याहून उंचावरचा मोठ्या ‘ए’चा उंबरठाही ओलांडतं. म्हणजे ढील जास्त झाली. लगेच दाब थोडा वर. सहाव्यात पुन्हा स्थिर. सहाव्याच्या शेवटी चाक शिखराच्या अलीकडे परतलेलं असतं, किंचित कमी ब्रेक लागलेल्या अवस्थेत.

सातवा तुकडा माझ्या मते या रचनेतला सर्वात सुंदर. दाब इथे पुन्हा चढतो, पण पहिल्या तुकड्यातल्यासारखा सरळ चढावाने नाही. पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. थोडं वर, थांबणं, थोडं वर, थांबणं. शिखर कुठेतरी जवळच आहे हे आता माहीत झालंय, म्हणून काठीने चाचपत जायचं. या तुकड्याची लांबीही इतरांपेक्षा जास्त काढलेली आहे, आणि ते बरोबर आहे. गाडी थांबण्याचं सर्वात चांगलं काम याच पायऱ्यांवर होतं.

मग आठवा. चाक पुन्हा ‘उणे ए’चा उंबरठा ओलांडतं. हुबेहूब पहिल्यासारखीच घटना. पण या वेळी दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहणं नाही, धरून ठेवणं नाही. दाब तत्क्षणी खाली. पहिल्या खेपेला यंत्र पुरावा मागतं, दुसऱ्या खेपेला मागत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत त्या फुंकणाऱ्याची थोडी चेष्टा आहे, आकृतीत मात्र अजिबात नाही. पहिला आणि आठवा तुकडा शेजारी ठेवून पाहावेत. एकाच ओळीची पुनरावृत्ती, पण मधल्या सहा ओळींनी तिचा अर्थ बदललेला.

हे सगळं सेकंदात कित्येकदा. दाब सुधारण्याची ही धर-सोड सेकंदाला दहा-बारा वेळा होते आणि प्रत्येक वेळी सोडलेलं तेल पंप परत वर ढकलतो. तेच ढकलणं आपल्या तळपायाला थरथर म्हणून कळतं.

मला गाडी मामाने शिकवली, त्याच्या जुन्या फियाटवर. ड्रम ब्रेक, तेही एका बाजूला ओढणारे. मामाचा एकच धडा : “ब्रेकवर बसू नकोस रे, दाब-सोड कर, दाब-सोड.” उतारावर बैल आवरणारा गाडीवान कासरा असाच खेचतो आणि सैल सोडतो, मामाचं बालपण गावातच गेलेलं, त्याला ते कुणी शिकवायला नको होतं. माणसाच्या पायाने सेकंदाला दोन-तीनदा दाब-सोड झाली तरी खूप, शिवाय चारही चाकांना एकच हुकूम. पण तत्त्व तेच. पुढे वीसेक वर्षांनी पहिल्या पावसात ताम्हिणीत समोरचा टेम्पो अचानक थांबला. पहिल्या पावसात धूळ, सांडलेलं ऑइल आणि टायरांचं झिजलेलं रबर मिळून रस्त्यावर चिकट लगदा होतो, तो होताच. माझी गाडी एबीएसची. मी ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं, आणि मी पाय उचलला. काहीतरी मोडलं असं वाटलं, आणि मामाची शिकवणही पायात होती. टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबलो ते नंतर पुन्हा दाबला म्हणून. एबीएसच्या गाडीत दाब-सोड आपण करायची नसते, ती यंत्र करतं. आपण ब्रेकवर बसायचं असतं. करकचून. भाषा बिचारी इतकी वर्षं चूक होती आणि यंत्राने तिला बरोबर ठरवलं.

वरच्या पट्ट्याकडे परत येऊ, कारण तिथे एक तिसरी रेषा आहे आणि घाईच्या वाचकाच्या नजरेतून ती निसटते. गाडीच्या आणि चाकाच्या रेषांच्या अधेमधे चालणारी ही रेषा म्हणजे संदर्भवेग. गाडीची जी ठसठशीत रेषा आपण पाहिली, ती चित्रकाराने आपल्यासाठी काढली आहे. यंत्राला ती दिसत नाही! त्याच्याकडे फक्त चाकांजवळचे सेन्सर आहेत. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचे दात समोरून जाताना ते मोजतात. चाक किती फिरतंय एवढंच यंत्राला कळतं. गाडी किती धावतेय हे त्याला कधीच कळत नाही. आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाकं कमी-जास्त खोटं बोलत असतात, कारण प्रत्येक चाक घसरतंय. मग यंत्र चाकांच्या साक्षी ताडून, आणि गाडी यापेक्षा झपाट्याने मंदावूच शकत नाही अशा हिशेबाने, एक अंदाज बांधतं. तो अंदाज म्हणजे ही तिसरी रेषा. लॅम्डाचा उंबरठासुद्धा या अंदाजावरूनच मोजलेला.

नाटकात प्रेक्षकांना माहीत असतं की पडद्याआड कोण लपलंय, रंगमंचावरच्या पात्राला नसतं. ही आकृती तशी आहे. आपल्याला सत्य आणि यंत्राचा समज दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि त्यांच्यातलं अंतर कधी वाढतं कधी कमी होतं तेही दिसतं. इतक्या अर्धवट माहितीवर इतका नेमका निर्णय घेणारं दुसरं यंत्र घरात-दारात मला सुचत नाही. फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्यांत तर चारही चाकं एकमेकांना जोडलेली, म्हणून चौघांच्या साक्षी एकाच सुरात चुकण्याची भीती. तिथे गाडीचं मंदावणं थेट मोजणारा वेगळा सेन्सर द्यावा लागला.

या संदर्भरेषेचा वंश फार जुना आहे. गॅब्रिएल व्वाझँ हे फ्रेंच विमानविद्येतलं मोठं नाव. १९२० च्या दशकात त्यांनी विमानाच्या चाकासाठी एक युक्ती केली. चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्यात एक जड फ्लायव्हील. एरवी दोन्ही एकाच वेगाने फिरतात. चाक अचानक मंदावलं की ड्रम मंदावतो, पण फ्लायव्हील जडपणामुळे आधीच्या वेगाने फिरत राहतं. दोघांच्या वेगात फरक पडला की झडप उघडते आणि ब्रेकचा दाब कमी होतो. म्हणजे हँडबुकातल्या दोन रेषा इथे लोखंडात ओतलेल्या आहेत. फ्लायव्हील ही चाकाची आठवण. आठवण आणि वर्तमान यांच्यात फट पडली की ब्रेक सैल. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डनलॉपने मॅक्सारेट या नावाने असंच यांत्रिक साधन विमानांसाठी काढलं. ओल्या धावपट्टीवर विमानाचं चाक लॉक झालं तर टायर फुटतो, त्यामुळे पहिली गरज तिथेच होती. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हेच मॅक्सारेट एका मोटारसायकलवर लावून पाहिलं. ती मोटारसायकल होती रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर. आपल्याकडे बुलेटच्या पायात एबीएस यायला त्यानंतर साठ वर्षं जावी लागली. १९६६ मध्ये मॅक्सारेट लावलेली जेन्सन एफएफ ही मोटार बाजारात आली. अशा एकंदर ३२० गाड्या बनल्या आणि प्रकरण मिटलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९७१ च्या इम्पीरिअलमध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धत दिली, तीही फार टिकली नाही.

कल्पनेची वानवा कधीच नव्हती. बॉशने १९३६ मध्ये आणि मर्सिडीजच्या हान्स शेरेनबर्ग यांनी १९५३ मध्ये पेटंटचे अर्ज केले होते. अडत होतं ते अंमलात. फ्लायव्हीलला आठवण होती, पण सातव्या तुकड्यातल्या पायऱ्या त्याला चढता येत नव्हत्या. हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत १९६४ पासून इलेक्ट्रॉनिक मार्गाने काम सुरू झालं. डिसेंबर १९७० मध्ये श्टुटगार्टच्या उंटरटुर्कहाइम भागातल्या चाचणीमार्गावर ते मर्सिडीजने पत्रकारांना दाखवलंही. तरी विक्रीला यायला आठ वर्षं लागली. पहिल्या रचनेत सुमारे १,००० सुटे इलेक्ट्रॉनिक भाग होते. बॉनेटखालची उष्णता, धक्के आणि ओल यांत त्यातला एकही भाग दगा देऊन चालणार नव्हतं, कारण हा रेडिओ नव्हे. बिघडला तर बंद करून ठेवता येत नाही. डिजिटल चिपा आल्या आणि ही संख्या सुमारे १४० वर आली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आणि पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या ‘७ सिरीज’मध्ये एबीएस मिळू लागलं. एबीएस ही अक्षरं मूळ जर्मन शब्दाची, अँटिब्लॉकीरसिस्टेमची. इंग्रजीत ती योगायोगाने चपखल बसली.

त्या मूळ रचनेतला एक नियम मला फार आवडतो. मागची दोन्ही चाकं एकत्र सांभाळायची आणि दोघांपैकी जे आधी घसरू लागेल त्याच्या कुवतीएवढाच दाब दोघांना द्यायचा. डाव्या चाकाखाली ओली माती आणि उजव्याखाली कोरडं डांबर असेल, तर उजव्याने डाव्याच्या चालीने चालायचं. थोडा ब्रेक वाया जातो, पण गाडीची शेपूट फिरत नाही. पुढच्या चाकांत असाच प्रसंग आला तर पकड असलेल्या बाजूचा दाब मुद्दाम सावकाश वाढवतात. का, तर गाडी एका बाजूला ओढली जाईल आणि चालकाला स्टिअरिंग सावरायला वेळ मिळायला हवा. यंत्र चाकांचा विचार करतं तसा हातांचाही करतं.

या आकृतीचं कौतुक करताना तिने काय गाळलंय हेही सांगायला हवं. ही आकृती चांगली पकड असलेल्या रस्त्याची आहे. खडीच्या रस्त्यावर ती उलटी पडते. तिथे लॉक झालेलं चाक समोर खडीचा छोटा बांध जमा करतं आणि त्यातच अडतं. एबीएस चाकाला फिरतं ठेवतं, बांध होऊ देत नाही, आणि गाडी जास्त लांब जाते. डांबरीकरणाआधी नुसती खडी पसरून महिनोन् महिने सोडून दिलेले रस्ते ज्यांच्या नशिबी आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

खालच्या पट्ट्यात दाब आहे, उष्णता नाही. १,२०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबते तेव्हा तिची गतिज ऊर्जा जवळजवळ सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाते. तिचं मोल काय? लिटरभर साधं पाणी उकळेल एवढी उष्णता. प्रत्येक कचकचीत थांबण्याला एक पातेलं चहाचं आधण. घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवूनच आलात तर अशी किती पातेली झाली ते मोजून पाहा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल २३० अंशांच्या वर उकळतं, तर पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच. तेल उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. दाबच नाही तर एबीएस सोडणार काय आणि धरणार काय? म्हणून घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, आणि तेल दर दोन वर्षांनी नवं. हौशी मंडळी थांबण्याचं अंतर कमी करायला मोठ्या डिस्क बसवतात. त्यांना एकच विचारावंसं वाटतं : करकचून दाबल्यावर तुमचं पेडल थरथरतं का? थरथरत असेल तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलेल, घाटात उपयोगी पडेल, पण एका थांबण्यातलं अंतर मीटरभरही घटवणार नाही. ते टायर घटवतो. गाडी आणि रस्ता यांच्यात चार तळहातांएवढं रबर असतं, बस. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, कायद्याने १.६ पर्यंत चालतात. गोटा झालेल्या टायरवर जगातलं सर्वोत्तम एबीएस लावणं म्हणजे शिखरच बुटकं असलेल्या डोंगरावर निष्णात गिर्यारोहक पाठवणं.

वेगाच्या अक्षावर आकडे नाहीत, तेही खटकतं. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वरून सुमारे १८ मीटर, १०० वरून सुमारे ४९. यात पाय पेडलपर्यंत पोचायचा वेळ धरलेला नाही. तो सेकंदभर धरला तर ६० ला आणखी १७ मीटर. आता दोन गाड्या शेजारी कल्पा, एक ६० ने, दुसरी १०० ने, दोघींनी एकाच जागी ब्रेक दाबला. पहिली जिथे पूर्ण थांबली तिथे दुसरीचा वेग किती असेल? मी ओळखीतल्या बऱ्याच जणांना विचारलं. उत्तरं ४० पासून ६० पर्यंत आली. खरं उत्तर ८०. शंभराच्या वर्गातून साठाचा वर्ग वजा करा, ऐंशीचा वर्ग उरतो. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण इथे रस्त्यावर भेटतो आणि अंगावर काटा आणतो.

आणि आकृतीत माणूस नाही. दाबाची रेषा पहिल्या तुकड्यात सुबक चढते, जणू पाय नेहमी पुरेसा दाबतो. मर्सिडीजने सिम्युलेटरमध्ये बघितलं तर बहुतेक चालक संकटात ब्रेक झटकन दाबत होते, पण पुरेसा जोरात दाबत नव्हते. म्हणजे करकचून हा शब्द हकिगतीत असतो, पायात नसतो. १९९६ मध्ये त्यांनी ब्रेक असिस्ट आणला. पाय किती झटक्याने आला यावरून तो उरलेला जोर स्वतः लावतो. त्याआधी म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यात काही गाड्या एबीएसच्या आणि काही बिनएबीएसच्या ठेवून मोजमाप झालं होतं. अपघातांत म्हणावा असा फरक आढळला नाही, कारण एबीएसवाले चालक जास्त बेदरकार चालवत होते. सुरक्षिततेचा जो साठा यंत्राने दिला तो त्यांनी वेगात खर्चून टाकला. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि ते झालं ते फार बरं झालं. दुचाकीचं पुढचं चाक लॉक झालं तर माणूस सावरण्याआधी जमिनीवर असतो. पण म्युनिकचे टॅक्सीवाले माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आकृती आठव्या तुकड्यापाशी कापलेली आहे. पुढे काय होतं ते सांगत नाही. पुढे हीच आठ ओळींची रचना पुन्हा पुन्हा, गाडीची रेषा खाली खाली, फट उघडते-मिटते. मग वेग माणसाच्या चालण्याइतका उरतो तेव्हा चाकाजवळच्या सेन्सरसमोरून जाणारे दात इतके सावकाश जाऊ लागतात की त्यांच्यावरून काही ठरवण्यात अर्थ नसतो, आणि धोकाही फारसा उरलेला नसतो. यंत्र हात काढून घेतं. पेडलची थरथर थांबते. शेवटच्या फूट-दीड फुटात चाक सरळ लॉक होतं. ताम्हिणीत त्या दिवशी खाली उतरून मी टेम्पोच्या मागे जाऊन पाहिलं, तर ओल्या रस्त्यावर माझ्या पुढच्या चाकांमागे दोन आखूड पट्टे होते, वीतभर लांबीचे. टेम्पोवाला बिडी पेटवत म्हणाला, “काय करकचून दाबला हो साहेब.”